हिरवी चौकट आणि भोंग्याचा आवाज

हॉस्पिटलात तिला नावाने हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं. सर्जनपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांसाठी ती बॅकअपवाली. तळमजल्यावर धुलाईखान्याच्या भिंतीला लागून एक थंडगार खोली, आत अखंड घोंघावणारी यंत्रं, आणि बाहेर उन्हाने डांबर वितळत असलं तरी अंगात स्वेटर घालून बसलेली ही. कोणाचं काही हरवलं, पुसलं गेलं, चुकून कचऱ्यात गेलं, की माणसं जिना उतरून तिच्या दारात यायची आणि चेहरा पाडून म्हणायची, "बाई, तेवढं परत काढून द्या." ती काढून द्यायची. देताना दोन शब्द ऐकवायचीही. "पुढच्या वेळी येताना डोकं पण घेऊन या," असं एका नावाजलेल्या डॉक्टरला तिने तोंडावर सांगितलं होतं, आणि तो हसत हसत वर गेला होता. तिचा तोरा खपून जायचा, कारण तिच्या दारातून रिकाम्या हाताने कोणी परतलं नव्हतं.

तिचं काम लोकांना वाटायचं तसं माहितीच्या नकला काढायचं नव्हतं. नकला यंत्रं आपापल्या काढायची. प्रत्येक विभागाच्या सर्व्हरवरचा माल ठरल्या वेळी साठवणीच्या पेट्यांत उतरायचा. तो खरंच उतरला का, एवढं तिने बघायचं. आता इतके सर्व्हर आणि इतक्या पेट्या एकटं माणूस काय फिरून बघणार? त्यासाठी देखरेखीचा एक प्रोग्राम होता आणि त्याला हुकूम सोडायची ती. कोणत्या सर्व्हरकडे जायचं, किती वेळाने जायचं, तिथे काय काय विचारून यायचं. बॅकअप झाला का? फसला असेल तर कशामुळे? पेटीत जागा किती उरली? प्रत्येक सर्व्हरसाठी असा एकेक हुकूम, त्याला म्हणायचं पॉलिसी. घरी मामीची बरेच दिवस समजूत होती की भाची विम्याच्या धंद्यात आहे. पॉलिसीत प्रत्येक प्रश्नापुढे एक चौकोन असायचा. चौकोनात खूण असेल तर प्रोग्राम तो प्रश्न विचारणार. खूण काढली, की तो प्रश्न जगात नाहीच. आणि जी काही उत्तरं येतील त्यांवरून समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर विभागांच्या चौकटी रंगायच्या. सगळं सुरळीत असेल तर हिरव्या. गडबड असेल तर लाल.

त्या भिंतीवर वाचा विभागाची, म्हणजे बोलण्यावर उपचार करणाऱ्या विभागाची, चौकट म्हणजे तिच्या जिवाला लागलेलं दुखणं होतं. विभागाचा सर्व्हर म्हातारा. प्रोग्राम प्रश्न घेऊन दारात उभा राहिला की त्याला धाप लागायची, वेळेत उत्तर द्यायचा नाही, आणि पडद्यावर लाल. हिने धावत जाऊन बघावं, तर बॅकअप नीट झालेला. खोटी बोंब. रोज सकाळी तीच खोटी बोंब.

अशातच बाहेरून तपासणीची मंडळी येणार असल्याचं कळलं. कॉम्प्युटर विभागाचे साहेब खाली आले, हाताची घडी घालून भिंतीसमोर उभे राहिले.

"ते लाल काय आहे?"

"खोटं आहे सर ते. मशीन जुनं आहे, उत्तर उशिरा देतं. नवीन मागून वर्ष होत आलं."

"मग त्याला विचारू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुला कळतंय. पाहुण्यांसमोर भिंत हिरवी पाहिजे. कशी करायची ते तू बघ. मला सांगत बसू नकोस."

साहेब लोकांची ही एक खुबी असते. करायला लावतात, आणि ऐकायचं टाळतात. तिला हे कळत नव्हतं असं नाही. पण रोजच्या बोंबेने तीही कावली होती. तिने वाचा विभागाची पॉलिसी उघडली आणि दोन खुणा काढल्या. बॅकअप झाला का, आणि फसला तर कशामुळे, हे दोन प्रश्न गेले. तिसरा तेवढा ठेवला: जागा किती उरली? तो प्रश्न हलका, म्हाताऱ्याला झेपणारा. क्षणात चौकट हिरवी झाली. पाहुणे गेले की खुणा परत लावू, असं तिने स्वतःला बजावलं.

पाहुणे आले, चहा प्याले, भिंतीचं कौतुक करून गेले. साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. आणि ती विसरली. विसरली हेही पूर्ण खरं नाही. मधे एकदोनदा आठवलं होतं. पण खुणा लावल्या की सकाळची बोंब परत आली, या विचाराने हात आखडला. उद्या बघू, परवा बघू. असं करता करता ती हिरवी चौकट डोळ्यांच्या सवयीची झाली.

नंतर हॉस्पिटलने सगळीकडचे जुने पासवर्ड बदलले. ज्या ज्या बॅकअपला नवा पासवर्ड मिळाला नाही ते फसले, त्यांच्या चौकटी लाल झाल्या, आणि तिने एकेक करत सगळे दुरुस्त केले. वाचा विभाग हिरवाच होता. मग त्याच्याकडे कशाला बघायचं? तो हिरवा का होता, हे तेव्हा तिच्या डोक्यातही आलं नाही. पेटीत जागा भरपूर होती म्हणून तो हिरवा होता. आणि जागा भरपूर होती, कारण नव्या पासवर्डाविना आत काही येतच नव्हतं.

*

याच सुमारास तिच्या मामाचा घसा बसला.

मामा म्हणजे तिचं सगळं घर. आई लहानपणीच गेली, बापाने दुसरा संसार थाटला, आणि मामाने हिला काखोटीला मारून आपल्या घरी आणली. घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचं त्याचं काम. टोमॅटोच्या ढिगावर चढून बोली पुकारायला लागला की तीन शेड पलीकडचा कांदेवाला दचकायचा. बाजाराने त्याला भोंगा हेच नाव दिलं होतं आणि त्याचा त्याला कोण अभिमान. घरीही हळू बोलणं त्याला जमायचं नाही. "मीठ दे" म्हणाला तरी शेजारीण मीठ घेऊन यायची, असं मामी सांगायची.

आवाज आधी घोगरा झाला, मग फाटला. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की स्वरयंत्रात गाठ आहे, वाईट आहे, पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

वाचा विभागात ऑपरेशनआधी माणसांचे आवाज साठवून ठेवतात, हे बॅकअपवालीला ठाऊक होतं. मायक्रोफोनसमोर बसून ढीगभर वाक्यं वाचायची. त्या वाचनावरून पुढे छोट्या हातातल्या यंत्रात तोच आवाज उभा करतात. माणसाने अक्षरं टाइप करायची आणि यंत्राने त्याच्याच आवाजात बोलायचं. तिनेच मामाचं डोकं खाल्लं.

"मेल्यावर फोटो काढतात तसं आवाजाचा फोटो काढायचा होय?" मामा कुरकुरला. "राहू दे. निम्मं आयुष्य ओरडण्यात गेलं, उरलेलं गप बसून काढीन."

"तुझ्या गप बसण्याला मामी घाबरते," ती म्हणाली. "चल मुकाट्याने."

विभागातली वाचाताई, म्हणजे बोलायला शिकवणारी ती बारीक चणीची बाई, तिने मामाला भिंतींना कापूस ठोकलेल्या, आवाजबंद खोलीत बसवलं आणि वाक्यं वाचायला दिली. 'आज हवा छान आहे.' 'कृपया खिडकी उघडा.' मामाने कागद खाली ठेवला. "असलं वाक्य मी जन्मात बोललो नाही. खिडकी उघडायची असेल तर मी म्हणतो, ए, उघड ती." वाचाताई हसून हसून बेजार. तिने त्याला त्याच्या मनाचं बोलू दिलं. त्या फाटक्या गळ्यातून मामाने टोमॅटोची बोली पुकारली, मामीला हाक मारली, भाचीला लहानपणी ज्या नावाने चिडवायचा त्या नावाने चिडवली. बाहेर काचेपलीकडे उभी असलेली बॅकअपवाली एकाच वेळी हसत होती आणि डोळे पुसत होती.

बाहेर येताना मामाने विचारलं, "हे राहील ना गं नीट? कुठे हरवायचं नाही ना?"

"माझ्या ताब्यात आहे ते," ती छातीठोकपणे म्हणाली. "माझ्या हातून आजवर काही हरवलंय?"

खाली तिच्या खोलीतल्या भिंतीवर चौकट तेव्हा हिरवीच होती.

*

ऑपरेशन झालं. मामाच्या गळ्याच्या मधोमध एक भोक राहिलं, त्यावर जाळीदार कापड. बोलण्यासाठी एक पांढरी पाटी आणि पेन. लांबून हाक मारायची तर चमच्याने ताटावर ठोका. मामीसाठी दोन, भाचीसाठी एक. मामी म्हणायची, "घराची शाळा झालीये नुसती. घंटा वाजली की पळा." पण ती हे म्हणायची ते उद्याच्या आशेवर. "येऊ दे त्याचं ते यंत्र. पहिली शिवी मलाच घालणार बघ. मी पण ठरवलंय, ऐकून घेणार. फक्त पहिली."

आणि एका दुपारी वाचाताईचा खाली फोन आला.

"अगं, आमचा सर्व्हर उठतच नाहीये. टकटक टकटक आवाज करतोय नुसता. तुझ्याकडे सगळं आहेच म्हणा."

"आहे ना," ती म्हणाली. "चहा पिऊन येईस्तोवर परत काढते."

तिने साठवणीची पेटी उघडली आणि शेवटच्या बॅकअपची तारीख बघितली. मग डोळे चोळून परत बघितली. मग पॉलिसी उघडली. ते दोन रिकामे चौकोन तिच्याकडे दात काढून हसावेत तसे बघत होते. कुणी केलं, कधी केलं, हे तिला शोधावं लागलंच नाही. त्या चौकोनांत तिला त्या दिवशीचा साहेबांचा चेहरा, आपला कावलेला हात, पाठीवरची थाप, सगळं एकदम दिसलं. त्या शेवटच्या तारखेनंतरचे सगळे आवाज गेले होते. मामाचा त्यातच.

डिस्क दुरुस्तीवाल्याकडे पाठवली. त्याने दोनच दिवसांत हात वर केले. आत चकतीच खरवडली गेलीय, म्हणाला.

साहेबांनी तिला बोलावून दार लावून घेतलं. "यंत्र जुनं होतं, बिघडलं. मी अहवालात तेवढंच लिहिलंय. तुझं नाव कुठेही येणार नाही. निश्चिंत रहा."

"सर, पण खुणा मी..."

"कसल्या खुणा?" साहेबांनी तिच्या डोळ्यांत रोखून बघितलं. "मला काही ऐकायचं नाही."

तिचा जीव भांड्यात पडला. हो, पडला. ते दार उघडून ती जिन्यात आली तेव्हा तिचे पाय हलके झाले होते, आणि हे हलकेपण कशाचं ते कळल्यावर तिला स्वतःची अशी किळस आली की ती जिन्याच्या पायरीवरच खाली बसली. मामाचा आवाज गेला होता, आणि आपली नोकरी वाचली म्हणून तिला बरं वाटलं होतं.

संध्याकाळी घरी मामीने ताट वाढता वाढता विचारलं, "कधी येणार गं ते यंत्र?"

"थोडं काम बाकी आहे," ती म्हणाली.

मामाने पाटीवर लिहिलं: घाई नाही. भोंगा कुठे पळून जातोय.

ती जेवण अर्धवट टाकून उठली. पुढचे काही दिवस रोज तेच. थोडं काम बाकी आहे. मामा पाटीवर नवीन नवीन वाक्यं लिहून ठेवायचा, यंत्रात पहिलं काय बोलायचं याची तयारी. एक वाक्य लिहायचा, पुसायचा, दुसरं लिहायचा. ती वरच्या आपल्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसायची. रडूही यायचं नाही. रडू येण्याइतका आपल्याला हक्कच नाही, असं वाटायचं.

*

मामाला वाचाताईने तपासणीला बोलावलं होतं. बॅकअपवाली त्याच्याबरोबर गेली. न जाऊन सांगते कोणाला.

वाचाताई आधीपासूनच लाल डोळ्यांनी बसलेली. मामा खुर्चीत टेकतो न टेकतो तोच तिने त्याचे दोन्ही हात धरले. "काका, मला माफ करा. तुमचा आवाज गेला. आमचा सर्व्हर बंद पडला, सगळं गेलं. माझंच चुकलं. मी वेगळी एक प्रत काढून ठेवायला हवी होती. खाली सगळं असतंच म्हणून मी निर्धास्त राहिले."

मामाचं तोंड उघडलं. त्यातून अर्थातच काही आलं नाही. मग त्याने आपला एक हात सोडवून घेतला आणि वाचाताईच्या हातावर हळूच थोपटलं. पाटीवर लिहिलं: तुमचा काय दोष.

दाराशी उभ्या असलेल्या बॅकअपवालीला हे सहन झालं नाही. त्या बारीक बाईच्या खांद्यावर आपलं ओझं बघून तिच्या तोंडून शब्द बाहेर पडले, कोणी मागून ढकलावं तसे.

"तिचा नाही. माझा दोष आहे. मामा, मी केलंय हे."

वाचाताईने मान वर केली. मामाने लिहिलं: नीट सांग.

तिने नीट सांगितलं. बाजाराच्या भाषेत सांगितलं, कारण मामाला तीच कळायची आणि त्या भाषेत कुठे लपायला जागा नव्हती. "मामा, समज मी गोदामावर चौकीदार ठेवला. त्याने रोज विचारायचं, माल आला का? नाही आला तर का नाही? मी त्याला म्हटलं, हे विचारायचं सोडून दे. गोदामात जागा किती आहे तेवढं फक्त बघ. तो रोज येऊन सांगायचा, जागा भरपूर आहे. मी म्हणायची, वा, छान. माल येणं केव्हाच बंद झालं होतं. तुझा आवाज आत गेलाच नाही, मामा. तू वाचायला बसलास त्याच्या आधीपासून दार बंद होतं. आणि मी बाहेर उभी राहून तुला म्हणाले, माझ्या ताब्यात आहे."

मामाने लिहिलं. पेन इतकं जोरात दाबलं की अक्षरं फाटली.

का?

"भिंत हिरवी दिसावी म्हणून."

ते ऐकून मामा उठला. पेन त्याने भिंतीवर फेकलं. पाटी काखेत घेतली आणि तिच्या बाजूने, तिला अंगाचा स्पर्श होऊ न देता, बाहेर पडला. ती मागे धावली. तो समोर आलेल्या बसमध्ये चढला आणि ती चढायच्या आत त्याने कंडक्टरला हाताने 'चल' अशी खूण केली.

*

घरात एक ठोका वाजेनासा झाला. दोन ठोके वाजायचे, मामी जायची. तिच्यासाठीचा एक ठोका नाही. ती खाली आली की मामा भिंतीकडे तोंड करून बसायचा. मामी शिव्या देती तर बरं झालं असतं. पण मामी म्हणायची, "तो जेवलाय. तू घे वाढून," आणि आत निघून जायची. ओरडणाऱ्या माणसांच्या घरातली ती शांतता तिला सोसवत नव्हती. "मामी, मला दोन थोबाडीत मार," ती एकदा म्हणाली. मामी म्हणाली, "मारून तो काय बोलायला लागणार आहे?"

ऑफिसात जाऊन तिने दोन्ही खुणा परत लावल्या. साहेबांना लेखी कळवलं की चूक यंत्राची नसून तिची आणि तिला करायला लावणाऱ्याची होती. साहेबांनी तिच्याशी बोलणं बंद केलं आणि तिचं नाव पुढच्या कामांतून हळूच वगळायला सुरुवात केली. ते तिला लागलं नाही. लागायला जागाच उरली नव्हती. दिवसभर ती मनातल्या मनात मामाची माफी मागत बसायची, नव्या नव्या शब्दांत, जशी काही ती माफी म्हणजेच जगातलं एकमेव उरलेलं काम होतं.

मग एका सकाळी ताटावर एक ठोका पडला.

ती जिन्यावरून धडपडत खाली आली. मामा भिंतीकडे तोंड करून नव्हता. त्याच्या मांडीवर पाटी होती.

बाकीचे?

"बाकीचे कोण?"

त्याने चिडून पाटीवर बोट आपटलं. बाकीचे आवाज.

"तेही गेले, मामा. हॉस्पिटल पत्र पाठवणार आहे सगळ्यांना. मंजुरीला अडकलंय."

मामाने पुसलं. लिहिलं. पाटी तिच्या तोंडासमोर धरली.

ज्यांचा गळा अजून शाबूत आहे, ते?

आवाज साठवून जे ऑपरेशनची वाट बघत होते, ते. त्यांना वाटत होतं आपला आवाज जपून ठेवलाय. ते त्या भरवशावर टेबलावर झोपणार होते. आणि ही इतके दिवस मामाच्या नावाने उसासे टाकत बसली होती. त्या उसाशांतून तिला दुसरं माणूस दिसलंच नव्हतं.

तिने वाचाताईला फोन लावला. "वेटिंगवर कोण आहे?"

पलीकडून आवाज दबका झाला. "दोघं. एक चावीवाला आहे, त्याचं पुढच्या आठवड्यात. आणि एक शिंपीणबाई. ती वॉर्डात दाखल आहे. उद्या सकाळी घेणार तिला."

"सांगितलंस?"

"साहेबांनी बजावलंय गं. पत्र मंजूर होईपर्यंत पेशंटशी कोणी बोलायचं नाही. ऑपरेशनआधी माणूस घाबरतं म्हणे."

"घाबरू दे."

"तुझं काय जातंय बोलायला..."

"माझं सगळं गेलंय. तू मशीन घेऊन वॉर्डात ये. आली नाहीस तर मी एकटी जाते, आणि फोनवर जमेल तसं भरून घेते."

चपला घालून ती निघाली, तर मामा दारात. अंगात धुतलेला सदरा, काखेत पाटी. तिने काही विचारलं नाही. बसमध्ये तो दोन बाकं सोडून बसला.

वॉर्डाबाहेरच साहेबांनी तिला गाठलं. कोणीतरी कळवलं असणार. "तू आत गेलीस तर मी तुला वाचवू शकणार नाही."

"तुम्ही मला कधी वाचवत होतात?" ती म्हणाली. "तुम्ही भिंत वाचवत होतात."

"ती बाई घाबरून ऑपरेशनच नको म्हणाली तर? जिवाचा प्रश्न आहे. आवाज काय, नंतरही..."

मामाने साहेबांच्या पुढ्यात येऊन गळ्यावरचं कापड बाजूला केलं. बाकी काही केलं नाही. साहेब एक पाऊल मागे सरले.

शिंपीणबाई पलंगावर मांडी घालून बसली होती, शेजारी तिची नणंद. बाईच्या मांडीवर एक झंपर, हातात सुई. उद्या गळा कापणार होते आणि आज ती बटणं लावत होती.

बॅकअपवालीने खुर्ची घेतली नाही. उभ्यानेच सांगितलं. तुमचा साठवलेला आवाज गेला. हॉस्पिटल तुम्हाला नंतर कळवणार आहे, तेव्हा उशीर झालेला असेल. आज भरला तर परत होईल, आधीइतका चांगला नाही, पण होईल.

"म्हणजे ते 'आज हवा छान आहे' वाचून वाचून माझी जीभ झिजली, ते सगळं पाण्यात?"

"हो."

"कोणामुळे?"

"माझ्यामुळे."

नणंद ताडकन उठली. "आणि तोंड वर करून सांगायला आलीस? लाज नाही वाटत?"

"वाटते," ती म्हणाली.

शिंपीणबाईने सुई झंपरात खोचली. तिची नजर मामावर गेली. "हे कोण?"

"माझा मामा. याचाही माझ्यामुळेच गेला. याला आता परत भरता येत नाही."

बाईने त्या भोकाकडे बघितलं. तिचा हात नकळत स्वतःच्या गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला. मग तिने पदर सावरला. "तुला काय करायचं ते मी नंतर बघीन. आधी तो माइक आण. आणि त्या हवेच्या वाक्यांचा कागद नको मला."

वाचाताई मशीन घेऊन धापा टाकत आली होती. कापूस ठोकलेली खोली दुसऱ्या पेशंटला दिलेली. वॉर्डात गोंगाट. मग चादरींची कोठी सापडली, छतापर्यंत गाद्या आणि चादरी रचलेली, आवाज गिळणारी. तिथे एका उलट्या बादलीवर शिंपीणबाई बसली आणि बोलत सुटली. नणंदेला माप कसं घ्यायचं ते सांगितलं, धाकट्याला अभ्यासावरून झापलं, एका गिऱ्हाइकाला कंबर वाढल्याचं तोंडावर सुनावलं, नवऱ्याला हाक मारली. पहिल्यांदा लाडाने, मग रागाने, मग परत लाडाने. मधेच थांबून म्हणाली, "हाक तीन तऱ्हेची लागते घरात. एकीने भागत नाही."

बाहेर बोळातून औषधांच्या गाड्या खडखडत जायच्या. कोठीच्या दाराशी मामा स्टूल टाकून बसला होता. गाडी दिसली की तो उठून आडवा व्हायचा आणि पाटी पुढे धरायचा. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: गप. वॉर्डबॉय, नर्स, एक डॉक्टरसुद्धा, सगळे तिथून चवड्यांवर गेले. आतून येणारा त्या बाईचा आवाज दाराच्या फटीतून बाहेर यायचा आणि मामा मान खाली घालून ऐकायचा. बॅकअपवालीला तो आतून दिसत होता. त्याचे ओठ हलत होते, त्या बाईच्या हाकेबरोबर, आणि ती हाक मामीला चालली होती हे ओळखायला तिला वेळ लागला नाही. तिने नजर मशीनवर खिळवली. याहून जास्त बघायची तिची छाती नव्हती.

संध्याकाळी तिने स्वतः, भिंतीला न विचारता, सगळ्या फायली तीन ठिकाणी उतरवल्या, प्रत्येक ठिकाणची उघडून ऐकली. तिन्हीकडे शिंपीणबाई गिऱ्हाइकाच्या कमरेबद्दल बोलत होती. वाचाताई तिथेच जमिनीवर बसून होती. म्हणाली, "उद्या मला बोलावतील."

"मला आजच कळवलंय," बॅकअपवाली म्हणाली. "सकाळी कामावरून काढल्याचा कागद देणार आहेत हातात."

ती कोठीतून बाहेर आली. मामा स्टूलवरून उठला. ती त्याच्यासमोर उभी राहिली. काही तरी लिहील, एखादं अक्षर, शिवी का असेना, असं तिला वाटत होतं. इतक्या दिवसांत तिने त्याच्या हातच्या एका शिवीसाठी किती वाट बघितली होती.

मामाने बाहीने पाटी पुसली. लिहिलं आणि तिच्याकडे वळवली.

चावीवाला कुठे राहतो?

"स्टेशनमागे. पण मामा, तू दमलायस. मी जाते एकटी."

त्याने मान हलवली, पाटी काखेत मारली आणि तिची वाट न बघता बोळातून चालू लागला. बसमध्ये तो पुन्हा दोन बाकं सोडूनच बसला.